काम संपल्यावरचे काम

शेतीवरची मराठी पुस्तके चाळली तर त्यांची मांडणी बहुतेक सारखीच दिसते. आधी मशागत, मग बियाणे, खत, पाणी, कीडरोग, काढणी आणि शेवटी बाजारभाव. पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती मिली घ्यायचे आणि फवारणी कितव्या दिवशी करायची, हे तक्त्यात नेमके मिळते. फवारणी झाल्यावर पंप कुठे धुवायचा, ते पाणी कुठे ओतायचे, रिकाम्या बाटलीचे काय करायचे, औषधाने भिजलेले कपडे घरात कोणाच्या हातून धुतले जाणार, याबद्दल मात्र एखादेच वाक्य असते: योग्य ती काळजी घ्यावी. हातातले पुस्तक या एका वाक्याचा विस्तार आहे. योग्य म्हणजे काय, काळजी कोणी घ्यायची आणि ती घेण्यासाठी त्याच्याजवळ वेळ, पाणी, जागा, पैसा काय असायला हवे, हे त्यात पहिल्यांदाच एका ठिकाणी मांडले आहे.

विषय वरवर किरकोळ वाटतो. विळ्याला धार, पंपाला स्वच्छ पाणी, खताला खड्डा. पण शेतीत माणूस मरतो किंवा अधू होतो तो बहुतेक वेळा याच किरकोळ समजल्या गेलेल्या जागी. बाग जाते तीही पुष्कळदा न धुतलेल्या कात्रीने. मला या विषयात सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो जबाबदारीचा प्रश्न. अवजाराची निगा आणि शेतातल्या टाकाऊ मालाची विल्हेवाट ही कामे एके काळी गावात कोणाच्या तरी नावावर होती. आज ती कोणाच्याच नावावर नाहीत. हा बदल कसा झाला, ते पाहिल्याशिवाय बाकीचे तंत्र नीट कळत नाही.

गावगाड्यात या कामांना माणसे नेमलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. बलुतेदारीची घडण समजून घ्यायला आजही तोच ग्रंथ उघडावा लागतो. सुतार औत, पाभर, कुळव नीट ठेवी. लोहार फाळ आणि पास पाजवून देई, विळ्या-खुरप्यांना धार लावी. चांभार मोट शिवी, मांग नाडे-कासरे वळून देई. मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. पेरणीआधी अवजार दुरुस्त नसेल तर बोलणी कोणी खायची हे ठरलेले होते. घरातल्यांचाही वाटा होताच. लाकडी अवजारे पावसात भिजू नयेत म्हणून वळचणीला किंवा गोठ्याच्या आढ्याला टांगत. विळे पेंढ्याच्या छपरात पात्यापर्यंत खोचून ठेवत, म्हणजे पोराबाळांच्या हाताला लागत नसत. खंडेनवमीला अवजारे घासूनपुसून पूजेला मांडत, त्यामुळे वर्षातून एकदा तरी प्रत्येक पात्यावरून कोणाचा तरी हात फिरे आणि गंजलेले, सैल झालेले, दांडा तडकलेले अवजार डोळ्यांपुढे येई.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जी कामे घाण समजली गेली ती जन्माने लादलेली होती. मेलेले जनावर ओढून नेणे, कातडी सोलणे, गावाची घाण काढणे, यांतून सुटका नव्हती आणि नकार दिला तर शिक्षा होती. महाडच्या १९२७ च्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, पुढे ओढकामालाही नकार दिला गेला, आणि १९५८ च्या कायद्याने महार वतनासारखी कनिष्ठ गाववतने संपली. हे व्हायलाच हवे होते. पण त्यानंतर ती कामे सगळ्यांनी वाटून घ्यायला गाव पुढे आले नाही. मेलेली म्हैस ओढ्यात जाऊन पडली, उकिरडा रस्त्यावर आला आणि घाणीचे काम आपले नव्हे ही समजूत मात्र तशीच शिल्लक राहिली. औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर फेकून देणाऱ्या हाताला ही समजूत आजही साथ देते. तंत्राच्या पुस्तकात जातीची चर्चा कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या शिवारात फवारणी कोण करतो आणि त्याच्या पंपात पाणी कोण आणून ओतते, एवढे पाहावे.

लोखंडी अवजारांनी दुसरा बदल केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे पहिले नांगर खपायला बराच काळ लागला, असे सांगतात. लोखंडी नांगराचे सुटे भाग कारखान्यात ओतलेले असत, झिजले की बदलायचे. पुढे तेल इंजिने, विजेचे पंप, पाठीवरचे फवारे, मळणी यंत्रे, ट्रॅक्टर आले आणि निगा गावातल्या भट्टीवरून तालुक्याच्या गॅरेजात गेली. गॅरेज बंद पडलेले यंत्र सुरू करून देते. रोज संध्याकाळी ते पुसणे, ग्रीस भरणे, नटबोल्ट आवळणे, फिरत्या भागावरचे झाकण पुन्हा बसवणे हे त्याचे काम नव्हे. ते मालकाचे की चालकाचे, की ज्याच्या शेतात यंत्र भाड्याने आले त्याचे, हे कधी कोणी ठरवलेच नाही.

या विषयाचा अभ्यास मात्र झाला आहे, आणि चांगला झाला आहे. तो वेगवेगळ्या दालनांत झाला, ही अडचण. खताची माणसे खताचे बोलली, यंत्रांची यंत्राचे, विषाची विषाचे. नव्या वाचकाला चार धारा लक्षात ठेवल्या तर पुस्तकातली वाट सापडेल.

सगळ्यांत जुनी धारा शेतातल्या टाकाऊ मालाची. जॉन ऑगस्टस व्हॉल्कर हा रसायनशास्त्रज्ञ १८८९ मध्ये भारतीय शेती पाहायला आला. १८९३ च्या अहवालात त्याने इथल्या कुणब्याच्या कसबाची तारीफ केली आणि जळणासाठी शेण खर्ची पडते यावर बोट ठेवले. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून इंदूरच्या संस्थेत काम करू लागले. त्यांनी आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ढीग उलटून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावावर निघालेले त्यांचे इंग्रजी पुस्तक सेंद्रिय शेतीच्या जगभरच्या विचारात पायाभूत ठरले. त्यावर वाडांचेही नाव आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. पुढे बंगळुरूला आचार्य या शास्त्रज्ञांनी ढीग न उलटण्याची पद्धत काढली, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, विटांत मोकळ्या फटी ठेवून बांधलेले दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाके दिले. थोड्या शेणात भरपूर खत आणि ढीग उलटण्याची मेहनत नाही, म्हणून ते गावोगाव पसरले.

खत कसदार होणे हा या धारेचा एक भाग झाला. ढीग नीट तापला की तणाचे बी मरते, रोगजंतू मरतात. अर्धवट कुजलेले शेणखत शेतात टाकले तर त्यातून हुमणी येते, आणि ऊस किंवा भुईमूग लावणाऱ्याला हुमणी काय करते हे सांगायला नको. म्हणजे कचऱ्याची विल्हेवाट हे पीक संरक्षणाचेच काम आहे. कपाशीत हे सर्वांत ढळढळीत दिसते. वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवायच्या आणि वर्षभर चुलीला वापरायच्या, ही विदर्भातली साधी गरज. पण त्याच पऱ्हाट्यांतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून बसते. म्हणून डिसेंबरअखेर किंवा फार तर जानेवारीत शेत मोकळे करा, असे कृषी विद्यापीठे सांगतात. ज्या घरात दुसरे जळण नाही तिथे हा सल्ला कसा पाळायचा, हा प्रश्न या पुस्तकात टाळलेला नाही. कोकणातले उदाहरण अधिक समाधानाचे आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दातेरी वैभव विळा दिला. त्याने भात जमिनीलगत कापता येतो, त्यामुळे धसकटात राहणारा खोडकिडा कमी होतो. अवजाराची घडण, उरणारा पालापाचोळा आणि पुढच्या वर्षीची कीड यांचे नाते एका विळ्यात दिसते.

दुसरी धारा अवजाराच्या स्वच्छतेची, बागायतदारांना ती चटकन पटते. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग. एका झाडाची फांदी छाटली आणि तीच कात्री पुढच्या झाडाला लावली की रोग कात्रीबरोबर चालत जातो. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र म्हणूनच प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करायला सांगते. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात दोन कात्र्या आळीपाळीने ठेवायच्या, एक हातात आणि एक भांड्यात, म्हणजे काम थांबत नाही. मात्र हे द्रावण पोलादाला खाते. दिवस संपल्यावर कात्री साध्या पाण्याने धुऊन, कोरडी पुसून, तेलाचा हात फिरवला नाही तर महिनाभरात तिच्या पात्यावर खड्डे पडतात, आणि खड्ड्यात माती-रस साठून पुढच्या वेळी निर्जंतुक करणेही फसते. उसात खोडवा खुरटण्याचा रोग बेणे तोडणाऱ्या कोयत्यावरून पसरतो. बेणे तोडणारी टोळी एका फडातून दुसऱ्या फडात जाताना कोयते धुते का, हे विचारणारे मालक फार थोडे.

या धारेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेली वस्तू म्हणजे फवारणीचा पंप. उसात किंवा ज्वारीत २,४-डी हे तणनाशक मारायचे, पंप हिसळून ठेवायचा आणि आठवड्याने त्याच पंपाने कपाशीवर कीटकनाशक मारायचे, असे दर हंगामात कुठे ना कुठे घडते. नळीत, गाळणीत, टाकीच्या चिरांत राहिलेल्या अंशाने कपाशीची पाने चिंचोळी, बोटांसारखी, भेंडीच्या पानासारखी होतात. द्राक्षालाही हे तणनाशक तितकेच झोंबते. शेतकरी रोग समजून आणखी औषधे मारतो. हे तणनाशक नुसत्या पाण्याने जात नाही. धुण्याच्या सोड्याच्या किंवा अमोनियाच्या द्रावणाने टाकी, नळी, नोझल भरून ठेवून मग पुन्हा धुवावे लागते. खात्रीचा उपाय एकच, तणनाशकाचा पंप वेगळा आणि त्यावर लाल रंगाने मोठी खूण. बोर्डो मिश्रणाचीही गोष्ट अशीच. मोरचूद लोखंडाला खातो, म्हणून ते लोखंडी भांड्यात करत नाहीत. मिश्रणात घासलेला विळा बुडवून पाहायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, हे कोकणातल्या सुपारीवाल्यांना आणि नाशिकच्या द्राक्षवाल्यांना सारखेच ठाऊक आहे. तो विळा नंतर धुऊन ठेवायचा असतो.

तिसरी धारा विषाची. १९५८ मध्ये केरळात शंभरावर माणसे दगावली. एकाच जहाजात अन्नधान्याच्या मालाजवळ पॅराथिऑन हे कीटकनाशक ठेवलेले होते, ते गळले आणि पिठातून लोकांच्या पोटात गेले. शेतात कोणी काही चुकीचे केले नव्हते, चूक साठवणीत झाली होती. त्या घटनेच्या चौकशीतून कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि १९७१ चे नियम आले. डब्यावरचा चौकोनी शिक्का आणि त्यातला लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण त्याच व्यवस्थेतला. लाल सर्वांत जहाल आणि हिरवा सर्वांत सौम्य, एवढे तरी औषध हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही धोका कळावा म्हणून रंग ठेवले. पण औषध मोठ्या डब्यातून पाण्याच्या बाटलीत काढून घेतले की रंगही गेला आणि नावही गेले. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मेली, तेव्हा जेवणात मोनोक्रोटोफॉस सापडले. साठवणीचा नियम किती जणांचा जीव वाचवतो हे मोजता येत नाही, तो मोडला की मात्र मोजता येते.

आणि मग यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. हवा दमट होती, बोंडअळीमुळे फवारण्या वाढल्या होत्या, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. नव्या पंपांचे बारीक तुषार अंगावर आणि नाकातोंडात जात होते. अंगावर रोजचाच सदरा, पायात काही नाही. नंतर हातमोजे आणि मुखवटे वाटले गेले, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली. त्या दिवसांत सगळा दोष फवारणाऱ्यावर गेला, की त्याने काळजी घेतली नाही. पस्तीस अंशांच्या दमटपणात जाड रबरी पोशाख घालून आठ तास काम करता येते का, दिवसभराच्या मजुरीत हातमोज्यांचे पैसे कोणाचे, शेताजवळ अंग धुवायला साबण-पाणी होते का, हे प्रश्न कमी विचारले गेले.

याच धारेतली एक साधी क्रिया या पुस्तकात पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे बाटली तीनदा विसळणे. तिच्यामागचा हिशेब सांगतो, कारण तो एकदा कळला की विसरत नाही. एक लिटरची बाटली रिकामी केल्यावर आत भिंतींना १० मिली औषध चिकटून राहिले असे धरू. एकाच वेळी ७५० मिली पाणी घालून विसळले तर आत उरलेला अंश मूळ औषधाच्या ७६ पट पातळ होतो. तेच ७५० मिली पाणी तीन वेळा २५०-२५० करून वापरले तर दर वेळी २६ पट पातळ होत होत शेवटी तो १७ हजार पटींहून अधिक पातळ होतो. पाणी तेवढेच, वेळ फार तर दोन मिनिटे जास्त. विसळलेले पाणी पंपातच ओतायचे, म्हणजे विकत घेतलेले औषध वाया जात नाही आणि विहिरीतही जात नाही. त्यानंतर बाटलीला भोक पाडायचे, म्हणजे तिच्यात कोणी रॉकेल, तेल, पाणी भरणार नाही.

पुढे ती बाटली जाणार कुठे? १९७१ च्या नियमांत रिकामी वेष्टने मोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितले आहे. तो पत्र्याच्या आणि काचेच्या डब्यांचा काळ होता. आजच्या जाड प्लॅस्टिकची बाटली पुरली तर ती नातवाच्या नांगराला लागेल, आणि जाळली तर धूर आपल्याच नाकात. ब्राझीलने २००० साली कायदा करून वेगळी वाट धरली. शेतकऱ्याने तीनदा विसळून बाटली परत द्यायची, विक्रेत्याने ती घेण्याची सोय ठेवायची, कंपनीने ती नेऊन पुनर्वापर करायचा. तिथे अशा वेष्टनांतली नव्वद टक्क्यांहून अधिक परत येतात. शेतकरी तिथलाही घाईत असतो, तिथलाही कर्जात असतो. फरक एवढाच की कायद्याने तिघांची नावे लिहून कामे वाटली. आपल्याकडे ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला घेतो, कारण त्यांना भाव आहे. मल्चिंगचा मातीने माखलेला कागद आणि औषधाच्या बाटल्या यांना भाव नाही, म्हणून त्या बांधावर.

चौथी धारा यंत्रांची. हरितक्रांतीनंतर उत्तरेत मळणी यंत्रे झपाट्याने वाढली आणि त्यांबरोबर तुटलेले हात. पेंढी आत सारण्याचे पन्हळ आखूड, रात्रीचे काम, डोळ्यांवर झोप. त्यातून १९८३ चा धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा आला आणि भारतीय मानक ठरले. पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब आणि त्याचा ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात ढोलापर्यंत पोचूच शकत नाही. काम करणाऱ्याला सावध राहा म्हणून सांगण्याऐवजी यंत्रालाच शहाणे करण्याचा हा विचार मला या साऱ्या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा वाटतो. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची केली आणि तिथले मृत्यू कमालीचे घटले. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओ दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण पहिल्या दुरुस्तीत निघते ते पुन्हा बसत नाही. तो दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, धोतराचे टोक किंवा उपरणे अडकले तर सोडवायला वेळच नसतो. कडबाकुट्टीचे तेच. घरातली पोरे तिच्याभोवती खेळतात, त्यामुळे काम संपल्यावर तिचे चाक बांधून ठेवणे किंवा मोटारीची पिन काढून ठेवणे ही साठवणीचीच एक क्रिया आहे.

या चार धारांत एक जुना वाद वाहतो. माणसाला शिकवायचे, की धोकाच काढून टाकायचा? पहिल्या पक्षाची माणसे प्रशिक्षणे घेतात, पोस्टर लावतात, कुलूपबंद पेट्या वाटतात. दुसऱ्या पक्षाची माणसे म्हणतात की जहाल औषधे बाजारातूनच काढा, यंत्राला झाकण जन्मतःच द्या. श्रीलंकेत दोन्ही उपाय अजमावले गेले. अनुराधापुर भागात घरोघर कीटकनाशकांसाठी कुलपाच्या पेट्या देऊन मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पेट्यांमुळे विष घेण्याचे प्रमाण घटल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच देशात सर्वांत जहाल औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर मात्र आत्महत्यांचे एकूण प्रमाण फार मोठ्या प्रमाणात खाली आले. माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. तरीही पेटी नको असे मी म्हणणार नाही. लहान मुलाच्या हाती बाटली लागू नये, धान्याच्या कणगीशेजारी औषध राहू नये, यासाठी कुलूप हवेच. शिक्षणाने साधण्यासारखे तेवढे शिक्षणाने साधावे आणि बाकीच्याचा भार मजुराच्या सावधपणावर टाकू नये, अशी भूमिका या पुस्तकाच्या पानोपानी दिसते.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर शिवारात आहे. मजूर मिळत नाहीत म्हणून तणनाशके वाढली. फवारणी ठेक्याने देतात, त्यामुळे फवारणारा रोज नव्या शेतात, नव्या औषधात असतो आणि पंप धुण्याइतका वेळ त्याला कोणी देत नाही. यंत्रे भाड्याने आणि अवजारे सामाईक अवजार बँकेतून येतात. सामाईक अवजारावर माया करायला कोणी नसते, आणि एका शेतातले तणाचे बी, माती, रोग ते दुसऱ्या शेतात नेते. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसले आणि आज बांधबांध व्यापून आहे. बाहेरगावाहून आलेले मळणी यंत्र किंवा हार्वेस्टर आपल्या शेतात घालण्याआधी झाडून घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि भाडे ठरवताना त्या अर्ध्या तासाचे पैसे धरले पाहिजेत. ते धरले जात नाहीत तोवर उपदेश कितीही केला तरी काम होणार नाही.

आणि हे काम आज खरोखर कोण करते? बहुतेक घरांत बाई. फवारणीला पाणी ती भरते, पुष्कळदा औषधही तीच कालवते, भिजलेले कपडे तीच धुते, तेही घरच्या इतर कपड्यांबरोबर, उघड्या हातांनी. गोठा तिचा, उकिरडा तिचा, खुरपे तिचे. प्रशिक्षणाला मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाला बोलावतात. या पुस्तकातला कपडे धुण्याचा भाग चार पानांचाच आहे, पण बाकी काही वाचायला वेळ नसेल तर तेवढा वाचावा. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, वेगळ्या वेळी, शक्य तर हातमोजे घालून धुवावेत, ते पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये, आणि फवारणाऱ्याने आधी अंघोळ करावी, मग मुलाला उचलून घ्यावे.

हे पुस्तक लिहिणारे एका दालनातले नाहीत. त्यांत कृषी अभियंते आहेत, ग्रामीण रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण पाहिलेले डॉक्टर आहेत, भट्टीवर काम करणारे लोहार आहेत, द्राक्ष आणि डाळिंबाचे बागायतदार आहेत, खुरपणीला जाणाऱ्या बायका आहेत. प्रत्येकाची भाषा त्याची त्याची ठेवली आहे, त्यामुळे काही ठिकाणी एकच वस्तू दोन नावांनी येईल. विदर्भातली पऱ्हाटी, डवरा आणि कोकणातले विळे-कोयते एकाच साच्यात बसवण्याचा अट्टहास संपादकांनी केला नाही, हे योग्यच झाले. सल्ला देताना लेखक खर्च सांगतात, लागणारे पाणी सांगतात, आणि एखादा उपाय लहान शेतकऱ्याला परवडण्यासारखा नसेल तर तेही सांगतात. अवजारांच्या लाकडाला इंजिनाचे जळके ऑइल चोपडण्याची आपली सवय सोडावी असे ते म्हणतात, कारण ते ऑइल हाताच्या कातडीतून अंगात जाते आणि पावसाने मातीत उतरते. त्याऐवजी जवसाचे तेल वापरा असे सुचवताना त्याचा भाव जास्त आहे, म्हणून निदान मुठीच्या जागी तरी ते वापरा, असा व्यवहारी तोडगाही ते देतात. धनुर्वाताची लस, लेप्टोचा ताप, शेणाच्या टाकीत उतरण्याआधी घ्यायची खबरदारी, अशा आरोग्याच्या बाबी वेगळ्या न काढता ज्या त्या अवजाराबरोबर आणि कामाबरोबर दिल्या आहेत. भातखाचरात अनवाणी उतरणारा माणूस आरोग्याचे वेगळे पुस्तक उघडणार नाही, हे लेखकांनी ओळखले आहे.

काही गोष्टी यात नाहीत. विजेच्या मोटारी आणि उघड्या स्टार्टर पेट्यांनी होणारे अपघात हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे, त्याला इथे थोडाच हात लावला आहे. साखर कारखान्यांची मळी, कुक्कुटपालनाची विष्ठा, दुग्धप्रकल्पांचे सांडपाणी हे मोठ्या उद्योगांचे प्रश्नही बाहेर ठेवले आहेत. फवारणीच्या ड्रोनबद्दल लिहिले आहे ते सावधपणे, कारण त्याची टाकी धुण्याचे पाणी कुठे जाते याचे अनुभव अजून गोळा व्हायचे आहेत. ज्या वाचकांकडे ते असतील त्यांनी ते संपादकांना कळवावेत. त्यासाठी पुस्तकाच्या शेवटी कोरी पाने ठेवली आहेत, प्रत्येक पानावर वर चारच रकाने: अवजार, कोणी वापरले, कोणी धुतले, कुठे ठेवले.